मधल्या वर्षाचे दार
(लखनौच्या बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र)

माननीय कुलगुरू यांस,


ज्या विद्यापीठाची सनद संसदेने 1994 साली खास अधिनियम करून मंजूर केली, जे 10 जानेवारी 1996 रोजी प्रत्यक्ष अस्तित्वात आले, ज्याच्या अभ्यासक्रमांतील निम्म्या जागा अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या आहेत, आणि ज्याचे नाव उच्चारताच मराठवाड्यातल्या वा विदर्भातल्या निरक्षर आजीचेही हात आपोआप जोडले जातात, त्या विद्यापीठाच्या प्रमुखांस हे जाहीर पत्र मी एकाच मागणीसाठी लिहीत आहे. ज्या विद्यार्थ्याचे उच्च शिक्षण अन्यत्र, एखाद्या तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात किंवा सामुदायिक महाविद्यालयात सुरू झाले आणि गरिबीमुळे, आजारपणामुळे वा स्थलांतरामुळे अर्ध्यावर थांबले, त्याला आपल्या विद्यापीठात पुन्हा पहिल्या पायरीवर उभे न करता, तो जेथवर आला आहे तेथूनच पुढे जाऊ देणारी नियमबद्ध, जाहीर आणि हक्काची व्यवस्था आपण करावी, एवढीच ती मागणी आहे.

मी लखनौत राहणारा मराठी माणूस आहे. या शहराशी मराठी माणसाचा संबंध केवळ नोकरी-व्यापाराचा नाही. तो विद्येचा आहे. 1926 साली मुंबईच्या विष्णु नारायण भातखंडे या वकिलाने राय उमानाथ बली व राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने येथे मॅरिस कॉलेज ही संगीतसंस्था उभी केली, पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तिचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले, आणि आज ती भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ झाली आहे. भातखंडे यांनी जे केले त्याचे मर्म प्रस्तुत विषयाशी अगदी निकटचे आहे, म्हणून त्याचा उल्लेख करतो. जी विद्या गुरूच्या घरात राहून, त्याच्या मर्जीने, त्याच्याच घराण्याच्या मर्यादेत मिळत असे, तिला त्यांनी स्वरलेखनाची लिपी दिली, मराठीत क्रमिक पुस्तके रचून वर्षवार पाठ्यक्रम लावून दिला, आणि त्यामुळे एका गावी अर्धी विद्या शिकलेला विद्यार्थी दुसऱ्या गावी उरलेली अर्धी शिकू शकेल अशी सोय निर्माण झाली. घराण्यांच्या भिंती त्यामुळे ढासळल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या भिंतींना दारे पडली हे निश्चित. त्याच शहराच्या दक्षिणेस, रायबरेली मार्गावर, आपले विद्यापीठ आहे.

मुंबईहून निघून भुसावळ, भोपाळ, झाशी, कानपूर या मार्गाने लखनौस येणारी पुष्पक एक्स्प्रेस माझ्यासारख्यांना माहेरचा रस्ता वाटते. त्या गाडीने जी विद्यार्थिनी आपल्याकडे येऊ इच्छिते, तिची स्थिती मी आपल्यासमोर मांडतो. ती कोणी एक व्यक्ती नव्हे. एकाच प्रकारच्या अनेक प्रसंगांची ती एकत्र मूर्ती आहे. आईबाप वर्षातले कित्येक महिने ऊसतोडीसाठी गावाबाहेर. बारावीनंतर तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए.; पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पार; दुसऱ्या वर्षी एका विषयात एटीकेटी, ती पुढच्या सत्रात सुटली; आणि मग घरची कोणतीतरी आपत्ती, धाकट्या भावंडांची जबाबदारी, शिष्यवृत्तीची लांबलेली रक्कम, आणि शिक्षण बंद. दोन-तीन वर्षांनी घडी पुन्हा बसते, वाचनाची ओढ तशीच असते, आणि कोणीतरी सांगते की लखनौत बाबासाहेबांच्या नावाचे केंद्रीय विद्यापीठ आहे, तेथे आपल्यासारखी मुले मोठ्या संख्येने शिकतात. येथवर सारे सुरळीत आहे. त्यानंतर प्रश्न येतो तो असा, की तिने दिलेल्या चार सत्रांच्या परीक्षांचे काय करायचे.

या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी मिळणारे उत्तर विद्यार्थ्यांना पाठ झालेले आहे: पुन्हा पहिल्यापासून. केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी 2022 पासून जी सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली, ती पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी आहे, आणि तिचा पाठ्यक्रम बारावीचा आहे. म्हणजे जिने दोन वर्षे महाविद्यालयीन राज्यशास्त्र वा अर्थशास्त्र शिकून त्यांच्या परीक्षा दिल्या, तिला आपली योग्यता सिद्ध करण्यासाठी पुन्हा बारावीची पुस्तके उघडावी लागतात, ती परीक्षा देऊन पहिल्या वर्षात बसावे लागते, आणि मध्ये गेलेल्या वर्षांबद्दल गॅपचे प्रतिज्ञापत्र तहसील कचेरीच्या आवारात बसलेल्या दस्तलेखकाकडून लिहून घ्यावे लागते. श्रीमंताच्या मुलाची दोन वर्षे वाया गेली तर त्याचे वय वाढते. तिची दोन वर्षे वाया गेली तर तिचे लग्न होते.

आता, सरकारी दप्तरात या अडचणीवर उपाय नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. 29 जुलै 2020 रोजी मान्य झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण मध्येच सोडण्याची व पुन्हा मधूनच सुरू करण्याची मुभा तत्त्वतः स्वीकारली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 च्या जुलैमध्ये अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम प्रसिद्ध केले. त्यान्वये विद्यार्थ्याने एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक त्याच्या खात्यावर जमा राहतात, सामान्यतः सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात, आणि पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मे श्रेयांक मिळविले की उरलेले बाहेरून आणता येतात. त्याआधी, 2013-14 पासून, आयोगाने सामुदायिक महाविद्यालयांची योजनाही राबविली, जिच्या पाठीशी 1995 साली पुदुच्चेरी विद्यापीठाने व लगोलग मद्रासच्या ख्रिस्ती धर्मप्रांताने केलेले आरंभीचे प्रयोग होते. नियम आहेत, खाते आहे, जमेची नोंद आहे. प्रश्न वटण्याचा आहे. पेशवाईच्या काळात पुण्याच्या सावकाराने लिहिलेली हुंडी काशीच्या पेढीवर वटत असे, ती कागदाच्या गुणामुळे नव्हे; काशीचा पेढीवाला ती स्वीकारीत असे म्हणून. आज परभणी-हिंगोलीच्या महाविद्यालयातील श्रेयांकाची हुंडी स्वीकारण्यास कोणती पेढी तयार आहे, हे विद्यार्थ्याला प्रवेशापूर्वी कळण्याचा मार्ग नाही. प्रत्येक संस्था आपापल्या मर्जीने, प्रकरणपरत्वे, बहुधा प्रवेशाची मुदत संपल्यावर त्याचा निर्णय देते. आपली पेढी ती हुंडी स्वीकारील असे आपण जाहीर करावे, हे माझे म्हणणे.

हे म्हणणे मी आपल्याच विद्यापीठापुढे का ठेवतो, याचे कारण ज्यांचे नाव आपण धारण केले आहे त्यांच्या चरित्रात आहे. बाबासाहेबांच्या विद्वत्तेचे पोवाडे आपण सारेच गातो. पण त्यांचे शिक्षण सरळ रेषेत झालेले नाही, ते तुटत, थांबत, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जात झाले आहे, याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले; 1915 साली तेथे एम.ए. झाले, 1916 साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व त्याचबरोबर बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये दाखल झाले. आणि पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली. करारान्वये बडोद्याची चाकरी करण्यासाठी त्यांना परतावे लागले, आणि परतताना ज्या आगबोटीवर त्यांची पुस्तके होती ती युद्धकाळात बुडविली गेली. बडोद्यात जे घडले ते सर्वविदित आहे. तेथे राहण्यास जागा मिळाली नाही, कचेरीतील कारकून कागदपत्रे दुरून टाकीत, आणि अखेर मुंबईस येऊन सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून, पै-पै साठवून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन ते 1920 साली पुन्हा लंडनला गेले.

येथे मी आपणास क्षणभर थांबण्याची विनंती करतो. ते पुन्हा लंडनला जाऊ शकले, कारण 1917 साली तेथून निघताना त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळविलेली होती, की चार वर्षांच्या आत परत आल्यास त्यांना आपला अभ्यास पुढे चालविता येईल. एका परकीय सत्तेच्या राजधानीतील विद्यापीठाने, जेथे कोणावर त्यांचे ऋण नव्हते की त्यांच्यासाठी कोणतीही राखीव जागा नव्हती, एका निर्धन भारतीय विद्यार्थ्याची जागा चार वर्षे तहकूब ठेवली. ते मुदतीच्या आत परतले. 1921 साली एम.एस्‌सी. झाले, रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास 1923 साली डी.एस्‌सी. मिळाली, दरम्यान बॅरिस्टरही झाले. कोलंबियानेही आपले खाते बंद केले नव्हते, तेथील पीएच.डी. त्यांना प्रबंध छापून सादर झाल्यावर 1927 साली, म्हणजे न्यूयॉर्क सोडल्यावर अकरा वर्षांनी मिळाली. समजा लंडनने 1920 साली त्यांना सांगितले असते की मध्ये खंड पडला आहे, सबब नव्याने अर्ज करा, नव्याने पात्रता सिद्ध करा, पहिल्या सत्राचे शुल्क पुन्हा भरा. खिशातले पैसे मोजके होते, मुंबईत रमाबाई संसार कसा चालवीत होत्या हे आपण जाणतो, आणि ‘मूकनायक’ नुकतेच सुरू झाले होते. त्या एका परवानगीचे मोल आपण, त्यांच्या नावाने चालणाऱ्या विद्यापीठाने, कमी लेखू नये.

या परवानगीच्या उलट बाजूचे एक उदाहरण अटलांटिकच्या पलीकडे आहे. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी जी महाविद्यालये निघाली, नॅशव्हिलचे फिस्क 1866 चे, वॉशिंग्टनचे हॉवर्ड 1867 चे, अलाबामातील टस्कीगी 1881 चे, त्यांचे नाते महाराष्ट्राशी जुने आहे. ज्या मुक्तीतून ती जन्मली तिच्यासाठी अमेरिकेतील सज्जनांना जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती. त्या फिस्कमधून 1888 साली पदवीधर झालेला डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस नावाचा तरुण हार्वर्डला गेला, तेव्हा हार्वर्डने त्याची पदवी पूर्ण मानली नाही. त्याला पदवीच्या तिसऱ्या वर्षात बसविले, आणि 1890 साली त्याने बी.ए.ची दुसरी पदवी घेतल्यावरच त्यास पुढचा रस्ता मोकळा झाला. 1895 साली तो हार्वर्डची पीएच.डी. मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला, हे खरे. पण ती दोन वर्षे त्याच्या अपुऱ्या ज्ञानाची किंमत नव्हती, त्याच्या महाविद्यालयाच्या वर्णाची किंमत होती. याच दु बॉइस यांना 1946 साली बाबासाहेबांनी पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती, आणि त्यांनी त्याच महिन्यात उत्तर धाडले होते. दोघेही आपल्या समाजाच्या अपमानाचे अभ्यासक होते, आणि दोघांनीही विद्यापीठांच्या कचेऱ्यांतून आपापली कागदपत्रे हिंडवली होती. एकाची वर्षे मान्य झाली, एकाची झाली नाहीत.

आता त्या देशातही वारे बदलले आहे. 2015 साली कॅलिफोर्नियातील सरकारी कम्युनिटी कॉलेजांनी कृष्णवर्णीयांच्या नऊ ऐतिहासिक महाविद्यालयांशी असा करार केला, की ठरलेला दोन वर्षांचा अभ्यास ठरलेल्या गुणांनी पुरा करणाऱ्या विद्यार्थ्यास तेथे प्रवेशाची हमी राहील आणि त्याचे श्रेयांक बरोबर जातील. पुढे अशा संस्थांची संख्या वाढत गेली. या कराराचे मला वाटणारे वैशिष्ट्य हे, की तो प्रवेशानंतर करण्याच्या कृपेचा नाही, प्रवेशापूर्वी दिलेल्या वचनाचा आहे. कॅलिफोर्नियातील एखाद्या बसचालकाची मुलगी पहिल्या वर्षातच तीन हजार किलोमीटरवरील संस्था डोळ्यांसमोर ठेवून आपले विषय निवडू शकते. आमच्या हिंगोलीच्या मुलीला हे शक्य का नसावे?

कोणी विचारील, की तिने एवढ्या दूर लखनौस यावेच कशाला. महाराष्ट्रात विद्यापीठे कमी आहेत काय? कमी नाहीत. पण ज्या वर्गात आपण अपवाद असतो आणि ज्या वर्गात आपण निम्मे असतो, त्या दोन वर्गांत बसण्याचा अनुभव वेगळा असतो, हे ज्याने अपवाद म्हणून वर्गात दिवस काढले आहेत त्यालाच कळते. निम्म्यांत बसल्यावर विद्यार्थ्याला स्वतःच्या येथे असण्याचे समर्थन करण्यात शक्ती खर्चावी लागत नाही. तो चूक करू शकतो, मागे पडून पुन्हा पुढे येऊ शकतो, आणि त्याची चूक त्याच्या जातीच्या खात्यावर मांडली जात नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनाही हे ठाऊक आहे. बेंजामिन मेज, जे पुढे त्यांपैकीच मोअरहाउस महाविद्यालयाचे सत्तावीस वर्षे अध्यक्ष होते, ते 1936 च्या अखेरीस भारतात आले, वर्ध्याच्या परिसरात गांधीजींना भेटले, आणि म्हैसूरकडील अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य म्हणून करून दिली तेव्हा प्रथम चकित होऊन पुढे त्या शब्दातील सत्य त्यांनी मान्य केले. हे मेज स्वतः व्हर्जिनिया युनियन या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात एक वर्ष काढून मेन राज्यातील बेट्स महाविद्यालयात गेलेले, आणि 1920 साली तेथे पदवीधर झालेले. मोअरहाउसमध्ये त्यांनी जे घडविले ते एकाकी बेट नव्हते, जगात जाण्याचे बंदर होते. मार्टिन ल्यूथर किंग तेथूनच निघाले. आपल्या विद्यापीठाची उरलेली निम्मी जागा सर्वांस खुली आहे, म्हणून तेही बेट नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

महाराष्ट्रात अशा संस्थेचा नमुना खुद्द बाबासाहेबांनी घालून दिला आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटी 1945 सालची; मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय 1946 सालचे; आणि निजामाची राजवट संपून दोन वर्षे होत नाहीत तोच, 1950 साली त्यांनी त्या वेळच्या औरंगाबादेत जे महाविद्यालय काढले आणि ज्याची कोनशिला 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली, ते मिलिंद. जेथे माध्यमिक शाळाही तुरळक होत्या अशा मुलुखातून अंगावरच्या कपड्यानिशी आलेली मुले तेथील वसतिगृहात राहिली, प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारख्या शिक्षकांच्या हाताखाली वाढली, आणि ज्या साहित्याने मराठी भाषेची मर्यादा कायमची बदलली त्या दलित साहित्याची एक मोठी शाखा मिलिंदच्या नागसेनवन परिसरात फुटली. मला मिलिंदविषयी लिहिताना आवरते घ्यावे लागते, कारण माझ्या मते स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील कोणत्याही एका महाविद्यालयाने इतक्या थोड्या साधनांत इतके मोठे काम केलेले नाही.

आणि या मराठवाड्याच्याच इतिहासातून आपल्या कचेरीस उपयोगी पडावी अशी एक गोष्ट निघते. मराठवाड्यातील महाविद्यालये आधी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाखाली होती, 1958 साली मराठवाडा विद्यापीठ निघाल्यावर ती त्याकडे आली; 1994 साली नांदेडचे विद्यापीठ त्यातून वेगळे झाले; 2004 साली सोलापूरचे शिवाजी विद्यापीठातून, 2011 साली गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ नागपूरहून. प्रत्येक वेळी महाविद्यालयेच्या महाविद्यालये एका विद्यापीठाच्या दप्तरातून दुसऱ्याच्या दप्तरात गेली, आणि त्यांच्याबरोबर विद्यार्थ्यांची संचित वर्षेही गेली. पाठ्यक्रमांतील फरकाची तोड परीक्षा मंडळांनी काढली. म्हणजे हजारो विद्यार्थी एकगठ्ठा गेले तर जे साधते, ते एकटी मुलगी आपली गुणपत्रिका घेऊन गेली तर साधत नाही. संस्थेच्या सोयीसाठी जी लवचीकता दाखविली जाते, ती व्यक्तीच्या वाट्यास येत नाही, एवढेच यावरून दिसते. ती अशक्य आहे असे मुळीच दिसत नाही.

दर्जाचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मी हलका मानीत नाही. तालुक्याच्या सर्वच महाविद्यालयांत अध्यापन सारखे होत नाही. मराठीत उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास लखनौत हिंदी वा इंग्रजीत लिहावे लागेल. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात इकडे जे गणित शिकविले जाते ते तिकडे राहून गेलेले असेल. यावर उपाय त्याची दोन वर्षे रद्द करणे हा नसून, जे राहिले आहे तेवढेच शिकविणे हा आहे. एका सत्राचा पूरक वर्ग, एखाद-दुसरा अतिरिक्त पेपर, भाषेसाठी सायंकाळचा तास, इतक्याने हे अंतर तुटते. अभियांत्रिकीत पदविकाधारकास थेट दुसऱ्या वर्षात घेण्याची पद्धत देशभर रूढ आहे आणि तिने अभियांत्रिकी बुडाली नाही. मग समाजशास्त्र आणि इतिहास बुडतील हे भय कशासाठी? उत्तर प्रदेशच्या मुलांच्या जागा बाहेरचे बळकावतील, ही शंकाही निराधार आहे, कारण मी बोलतो आहे त्या जागा पहिल्या वर्षानंतर गळतीने रिकाम्या पडणाऱ्या आहेत. शिवाय सोनभद्र, चित्रकूट, हरदोई येथल्या लहान महाविद्यालयांतील मुलामुलींना हे दार आमच्या मुलांइतकेच, किंबहुना अधिक लागणार आहे. मराठी विद्यार्थिनी हे केवळ माझ्या ओळखीचे उदाहरण.

तेव्हा माझी तजवीज अशी. प्रत्येक विभागाने तिसऱ्या व पाचव्या सत्राच्या आरंभी आपल्याकडे किती जागा रिकाम्या आहेत हे जाहीर करावे, आणि त्यांवर मधून येणाऱ्यांना, विद्यापीठाच्या नेहमीच्या आरक्षणानुसार, प्रवेश द्यावा. कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या विषयाचे श्रेयांक कशाच्या बदली धरले जातील याची सूची आधीच तयार ठेवावी, आणि ती तयार करताना ज्या विद्यापीठांचे विद्यार्थी येण्याचा संभव जास्त, उदाहरणार्थ छत्रपती संभाजीनगर, नांदेड, नागपूर, अमरावती, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, त्यांपासून आरंभ करावा. मुक्त विद्यापीठाचा मी विशेष उल्लेख करतो, कारण बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या वाटेने पदवीपर्यंत नेणारी ती संस्था आहे, आणि तेथून आलेल्यांकडे अन्यत्र तिरक्या नजरेने पाहिले जाते. सामुदायिक महाविद्यालयांच्या पदविका व बी.व्होक.चे विषय यांनाही या सूचीत स्थान असावे. अर्ज आल्यावर ठरावीक मुदतीत लेखी उत्तर जावे. नकार असेल तर कोणत्या विषयात काय कमी पडले याचा तपशील द्यावा, म्हणजे विद्यार्थी ती उणीव भरून काढून पुन्हा येऊ शकेल. आणि आपल्याकडे दाखल झालेल्या विद्यार्थ्यास मध्येच घरी जावे लागले, तर त्याची जागा निदान चार वर्षे त्याच्यासाठी धरून ठेवावी. चार हा आकडा मी कोठून घेतला हे आपल्या ध्यानी येईल.

वसतिगृहाची बाब मी शेवटी घेतो, पण ती शेवटची नव्हे. वसतिगृहांची वाटणी सामान्यतः पहिल्या वर्षाच्या प्रवेशाबरोबर होते. मधून येणाऱ्याचा क्रम लागेपर्यंत खोल्या संपतात, आणि अनोळखी शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारले जाते, हे मी आपणास सांगायला नको. बडोद्यात बाबासाहेबांना असाच अनुभव आला होता. म्हणून मधल्या वर्षात येणाऱ्यांसाठी, विशेषतः विद्यार्थिनींसाठी, काही खोल्या राखून ठेवाव्यात.

माझ्या स्वतःच्या राज्याच्या शासनासही यात कर्तव्य आहे, आणि हे पत्र जाहीर असल्यामुळे ते त्यांच्या कानी जावे अशी इच्छा आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा मूळ रहिवासी त्या राज्याने द्यावयाची असते, तो शिकत असलेल्या राज्याने नव्हे. तेव्हा लखनौत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची रक्कम महाराष्ट्राच्या समाजकल्याण खात्याने वेळेवर पाठविली पाहिजे, आणि मध्ये संस्था बदलली म्हणून ती खंडित होता कामा नये. बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या. तरीही केंद्रीय संस्थेस लागणारा केंद्रीय नमुन्यातील जातीचा दाखला मिळविण्यासाठी विद्यार्थ्यास तहसीलच्या खेपा घालाव्या लागू नयेत, याची व्यवस्था तेथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी करावी. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी स्थलांतर प्रमाणपत्र, ज्यास मुले नुसते मायग्रेशन म्हणतात, ते मागितल्यापासून आठवड्याच्या आत द्यावे, कारण पुष्कळदा सारे जुळून येते आणि त्या एका कागदापायी प्रवेशाची तारीख टळते.

आपण या मागणीचा विचार विद्वत्परिषदेपुढे नेलात, आणि पुढील वर्षाच्या सामायिक परीक्षेचे अर्ज सुटण्यापूर्वी त्याविषयीचे परिपत्रक काढलेत, तर ते मराठीत उतरवून मराठवाडा व विदर्भातील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांपर्यंत आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांपर्यंत पोहोचविण्याचे काम माझ्यासारखे लखनौतील मराठी लोक आनंदाने अंगावर घेतील; त्यासाठी विद्यापीठास एक पैशाचीही तोशीस पडणार नाही.

आपला नम्र,
लखनौनिवासी एक मराठी नागरिक